मगभर पाणी ओतून बघणारा मेकॅनिक

पहिला थेंब पडला तो ‘कि’च्या वेलांटीवर. पहिली कापून दुसरी करायला मी पेन टेकवलं आणि नेमक्या त्याच जागी वरून टप्पकन पाणी पडलं. शाई पसरली. वेलांटी पहिली राहिली की दुसरी झाली, ते मलाच कळेना. मी घरी बसून प्रुफं तपासते. माझं टेबल एसीच्या बरोबर खाली आहे, कारण खोलीत दुसरीकडे ते मावत नाही. त्यामुळे एसी गळायला लागला तेव्हा घरात सगळ्यांत आधी भिजलं ते माझं पोट भरण्याचं साधन.

एसी १४ वर्षांचा, दीड टनी, स्प्लिट. आत आर-२२, जुन्या एसींत असायचा तो गॅस, म्हणजे वय सांगायला वेगळा दाखला नको. थंडावा अजून चांगला देतो, आवाज थोडा करतो, रिमोटचं एक बटण दाबायला नख लागतं. गळती सुरू झाल्यावर पहिला आठवडा आम्ही सगळे करतात तेच केलं. खाली टोपलं ठेवलं, टोपल्यात फडकं टाकलं (नाहीतर रात्रभर टप टप), टेबल हातभर पुढे ओढलं आणि ‘आपोआप थांबेल’ म्हणत बसलो. पाणी आपोआप थांबत नाही, आपोआप वाढतं.

हे लिहिते आहे ते शेवटी ज्यानं दुरुस्त केलं त्याच्या कामाबद्दल. पण त्याच्या आधी दोन जण येऊन गेले. त्यांनी काय केलं ते सांगितल्याशिवाय तिसऱ्याचं मोल कळणार नाही.

पहिला माणूस एका मोठ्या सर्व्हिसवाल्यांकडून आला. गणवेश, पंप, एसीखाली बांधायची प्लॅस्टिकची झोळी, सगळा सरंजाम. त्यानं जेटनं कॉइल, म्हणजे हवा गार करणारी आतली नळ्यांची जाळी, धुतली आणि झोळीतून बादलीत काळंकुट्ट पाणी उतरलं. ते बघून मला लाज वाटली, आणि समाधानही झालं, की एवढी घाण निघाली म्हणजे रोग गेला. मग त्यानं गॅलरीत जाऊन, एसीचं पाणी बाहेर नेणाऱ्या ड्रेन पाइपच्या टोकातून पंपानं जोरात हवा मारली, ‘झालं, ताई’ म्हणाला आणि सही घेऊन गेला. तासाभराचं काम पस्तीस मिनिटांत. तीन रात्री टोपलं कोरडं. चौथ्या रात्री पुन्हा टप टप.

तक्रार केल्यावर त्याच सर्व्हिसवाल्यांकडून दुसरा आला. यानं एसी चालू केला, हात पुढे धरला, दोन मिनिटं थांबला आणि म्हणाला, “गॅस कमी झालाय. भरावा लागेल.” गॅसचा दाब मोजायचं गेज लावलं नाही, थर्मामीटर काढला नाही, आउटडोअर युनिटकडे फिरकलाही नाही. हाताच्या पंजानं निदान.

इथे आमच्या अण्णांनी तोंड उघडलं. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ८१, आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आणि समोर कोणी चुकीचं बोललं की त्यांना अजूनही फळा दिसतो. “गॅस काय पेट्रोल आहे का रे, वापरून संपायला? बंद नळीत फिरतो तो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. आधी गळती दाखव, मग भर.” शिवाय त्यांचा दुसरा मुद्दा होता. गॅस कमी पडला की आतल्या कॉइलमधला दाब उतरतो, कॉइल शून्याच्या खाली जाते, तिच्यावर बर्फ चढतो, आणि एसी बंद केल्यावर तो वितळून एकदम लोंढा येतो. आमच्याकडे बर्फाचा कणही नव्हता. पाणी यायचं ते एसी चालू असताना, डाव्या कोपऱ्यातून, थेंब थेंब. मुलगा बिचारा, “आजोबा, मला जे सांगितलंय ते मी बोलतो,” म्हणाला. हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं. गॅस आम्ही भरला नाही.

तिसऱ्याचा नंबर खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी दिला. देतानाच म्हणाल्या, “बोलतो फार, पण बघतो पण.” हा एकटाच काम करणारा माणूस आहे, पन्नाशीचा, त्याच्या मागे कंपनी नाही. नाव देत नाही, त्याला विचारलेलं नाही.

त्यानं पिशवी खाली ठेवायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाणी कुठून येतं? डावीकडून, उजवीकडून, समोरच्या झडपेतून, की मागून भिंतीवरून? चालू केल्यावर किती वेळानं? बंद केल्यावर वाढतं की थांबतं? हवेबरोबर तुषार उडतात का? मी उत्तरं देत गेले आणि तो एकेक शक्यता खोडत गेला, अगदी आमच्यासारखा, चुकीच्या अक्षरावर रेघ मारावी तसा. बंद केल्यावर लोंढा आला असता तर बर्फ, म्हणजे गॅस किंवा बुजलेला फिल्टर. तुषार उडाले असते तर कॉइल नाहीतर ब्लोअरच्या, म्हणजे आतल्या पंख्याच्या, पात्यांवर बसलेला मळ. भिंतीवरून ओघळ आला असता तर पाइपवरचं फोमचं आवरण. एका कोपऱ्यातून थेंब, म्हणजे कॉइलखालचा, पाणी झेलणारा ट्रे भरून वाहतोय. “पण ताई, किती वेळानं, ते सांगा नीट.”

ते अण्णांनी सांगितलं, वही उघडून. चार तासांनी. कधी पावणेचार, कधी सव्वाचार.

“चार तास?” तो थबकला. “ड्रेन बंद असला तर अर्ध्या-पाऊण तासात यायला पाहिजे.”

हा चार तासांचा घोळ लक्षात ठेवा.

मग त्यानं एमसीबी पाडला, म्हणजे एसीची वीजच मुख्य स्विचवरून तोडली. रिमोटनं बंद केलेला एसी त्याच्या लेखी बंद नसतो. पुढचं झाकण उघडलं, फिल्टर काढले आणि दप्तरातून पाणसळीची पारदर्शक नळी काढली, गवंडी वापरतात ती. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी जुळवून युनिटची खालची कड बघितली तर डावी बाजू बोटाच्या अर्ध्या पेराइतकी खाली. आमच्या एसीचं पाणी उजवीकडून बाहेर जातं. म्हणजे ट्रेचा उतार बरोबर उलटा. भिंतीवरच्या पत्र्याचा डावीकडचा प्लग सैल झाला होता, चौदा वर्षांच्या थरथरीनं. बसवताना सरळच बसवला असणार, कारण पहिली तेरा वर्षं तक्रार नव्हती. डोळ्यांना हे कळण्यासारखं नव्हतं. मी रोज त्याच्या खाली बसते आणि ओळीत अर्धा पॉइंट वर गेलेलं अक्षर मला दिसतं, पण हे दिसलं नव्हतं.

यानंतर त्यानं जे केलं त्यासाठी हा सगळा लेख. माझ्याकडे मगभर पाणी मागितलं. अण्णांना गॅलरीत पाइपच्या टोकाशी उभं केलं आणि स्वतः स्टुलावर चढून, चोचीच्या बाटलीनं, कॉइलच्या पापुद्र्यांवरून हळूहळू पाणी सोडायला लागला. घाई नाही. एसी चालू असताना जसं पाझरतं तसंच.

“आजोबा, आलं?”

“नाही.”

“आता?”

“थेंब. एक. दोन.”

अर्धा लिटर आत गेलं आणि बाहेर पडलं जेमतेम घोटभर. मग डाव्या कोपऱ्यातून आमच्या ओळखीचा थेंब सुटला. आठवडाभर रात्री ऐकलेला आवाज भर दुपारी, एसी बंद असताना, मागणी करून काढून दाखवला. दोष समोर आणून दाखवता येणं ही निम्मी दुरुस्ती आहे, आणि आधीच्या दोघांपैकी एकानंही हे केलं नव्हतं. गणवेशवाल्यानं धुतलं आणि गेला. पाणी जातंय का हे पाणी ओतून बघायला त्याला दोन मिनिटं लागली असती. माझ्या धंद्यात याला दुसरं प्रूफ न काढता छापायला पाठवणं म्हणतात.

पाइप साफ करताना त्यानं हवा मारली नाही, ओढली. ओलं-कोरडं दोन्ही चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बाहेरच्या टोकाला लावला, जोडावर ओलं फडकं गुंडाळून घट्ट मुठीत धरलं आणि मिनिटभर चालवला. आधी गुडगुड, मग एकदम ‘फच्चक’ असा आवाज, आणि नळीतून काहीतरी सरकून गेलं. डबा उघडून दाखवला तर बोटभर लांबीचा, करडा, बुळबुळीत गोळा, त्यात केस आणि कापसासारखी धूळ गुरफटलेली. ओलाव्यात वाढणारी बुरशी-जंतूंची ही साय असते आणि धूळ तिला धरून ठेवते. पहिल्यानं बाहेरून हवा मारली तेव्हा हीच साय मागे, ट्रेच्या तोंडाशी ढकलली गेली होती. थोडी वाट झाली म्हणून तीन दिवस बरं वाटलं, मग पाण्याबरोबर ती परत जागेवर.

पुन्हा मगभर पाणी. या वेळी गॅलरीतून अण्णा ओरडले, “आलं, आलं, धार आली!” अर्धा लिटर वीसेक सेकंदांत पार.

मला वाटलं झालं. त्याला वाटत नव्हतं. तो गॅलरीत जाऊन अण्णांच्या कॅनसमोर उकिडवा बसला.

हा कॅन म्हणजे अण्णांचा छंद. पाइपचं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी १० लिटरचा कॅन ठेवला, पाणी फरशी पुसायला वापरायचो. पुढे ते मोजायला लागले. रात्री किती तास एसी चालला, सकाळी कॅनमध्ये किती लिटर, तारीखवार वही. सहा तासांत सात लिटर हा दमट दिवसांतला नेहमीचा आकडा. खरं म्हणजे गळती पहिल्यांदा माझ्या कागदावर दिसली नाही, वहीत दिसली. दोन रात्री आकडा साडेपाचवर आला तेव्हा अण्णा म्हणाले होते, “दीड लिटर कुठे गेलं?” मी म्हटलं, हवा कोरडी असेल. दुसऱ्या दिवशी वेलांटी भिजली.

तर हा माणूस कॅनकडे बघत राहिला, मग पाइप वर उचलला. पाइपचं टोक कॅनमध्ये बरंच आत सोडलेलं होतं, शिंतोडे उडू नयेत म्हणून. “आजोबा, कॅन अर्धा भरायला किती वेळ लागतो?”

अण्णांनी वही उघडली नाही. त्यांना आकडा पाठ होता आणि तो तोंडातून निघता निघता त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. “चार तास.”

कॅनमधलं पाणी वर चढत पाइपच्या टोकापर्यंत पोहोचलं की टोक बुडायचं. पाइपला मधे एक झोळ होता, दोन क्लिपांच्या मधे पोटासारखा लोंबलेला, आणि त्या झोळात कायम पाणी साचलेलं. झोळात पाणी, टोकाला पाणी, मधे हवा अडकलेली. तिला जायला वाट नाही, आणि वरच्या ट्रेतल्या दोन बोटं पाण्याला तिला ढकलण्याइतका जोर नाही. ड्रेन अर्धा बुजलेला, युनिट डावीकडे कललेलं, आणि वर हे बूच. पाणी ट्रेमध्ये चढायचं आणि डावीकडून उतरायचं. पहिल्या सर्व्हिसनंतरच्या तीन कोरड्या दिवसांचं दुसरं कारणही कळलं: त्या मुलानं धुवायला जागा हवी म्हणून कॅन बाजूला सारला होता आणि अण्णांनी तो चौथ्या दिवशी परत जागेवर ठेवला.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मोजण्यामुळेच मोजमाप चुकत होतं.” आणि स्वतःवरच खूश होऊन हसले.

बाकीची कामं भराभर सांगते. युनिट खालून सोडवून लाकडी ठोकळ्यावर टेकवलं, भिंतीत नवा जाड प्लग ठोकला, स्क्रू आवळला. हे करताना तांब्याच्या पाइपला पीळ बसू नये म्हणून उजवी बाजू मला धरायला लावली; दहा मिनिटं धरली, दोन दिवस खांदा बोलत होता. ट्रेच्या डाव्या भिंतीला, वरच्या बाजूला, केसासारखी चीर निघाली. पाणी एरवी तिथवर पोहोचत नाही, तुंबलं की पोहोचायचं. प्लॅस्टिक कोरडं करून, घासून, इपॉक्सीनं भरली, आणि २४ तास एसी लावायचा नाही असं बजावलं. झोळवाला वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप काढून गुळगुळीत कडक पीव्हीसी पाइप लावला, मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार ठेवून, मधे आधाराच्या क्लिपा देऊन. लवचीक पाइपच्या वळ्यावळ्यांत घाण अडकते; वाकवायला सोपा म्हणून बसवणाऱ्याला आवडतो, भोगणाऱ्याला नाही.

एका गोष्टीवर मात्र थांबते, कारण ती मला नवीन होती. भिंतीमागे तांब्याच्या दोन नळ्या असतात, एक जाड, एक बारीक. आमच्याकडे बसवतानाच दोन्ही एका फोमच्या नळीत कोंबल्या होत्या आणि तो फोम आता चिमटीत धरला की भुगा होत होता. मला वाटायचं फक्त जाड नळी गार असते. तो म्हणाला, स्प्लिटमध्ये गॅस आउटडोअरमध्येच फुगवून थंड करतात आणि मग आत पाठवतात, त्यामुळे बारीक नळीही घामेजते, दोन्हींना वेगवेगळं पांघरूण हवं. त्यानं नायट्राइल रबराच्या काळ्या नळ्या चढवल्या, सांध्यांवर टेप, आणि भिंतीचं भोकही बुजवलं, कारण बाहेरची दमट हवा त्या फटीतून आत येऊन युनिटच्या मागेच दव धरत होती. कोपऱ्यात रंगाला जो ओलसर डाग होता, ज्यासाठी आम्ही वरच्या घराकडे संशयानं बघत होतो, तो महिन्याभरात वाळला. वरच्यांची मनातल्या मनात माफी मागितली आहे.

दुसऱ्या दिवशी चाचणीला यायचं ठरलं होतं. सकाळचा शब्द, संध्याकाळी उगवला. फोन नाही, निरोप नाही. इथे मी गुण कापले आहेत. दमट उकाड्यात चोवीस तास सांगून तेहतीस तास बिनएसीचं बसवलं, आणि त्यातले नऊ तास निव्वळ त्याच्या घड्याळाचे.

चाचणी मात्र पूर्ण तासभर केली, बसून. एसी २४ अंशांवर लावला. थर्मामीटर आधी वरच्या जाळीशी धरला, मग खालच्या झडपेशी: आत जाणारी हवा २८, बाहेर येणारी १७. अकरा अंशांचा फरक. “गॅस कमी असता तर एवढा पडला नसता,” असं म्हणून त्यानं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी वर्गात पहिल्या आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि मग तासभर त्याला सोडलं नाही. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर २१ अंशांच्या आसपास दव पडायला लागतं. कॉइल त्याहून कितीतरी गार. म्हणून एसी गळणं हा दोष नाही, घरात गळणं हा दोष आहे. वाफेचं एक लिटर पाणी करायला कॉइलला जवळजवळ २४०० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. तासाला सव्वा लिटरच्या आत-बाहेर धरलं तर दीड टनी एसीच्या सव्वापाच किलोवॉट थंडाव्याच्या क्षमतेमधले सुमारे ८०० वॉट नुसते हवा वाळवण्यात जातात. मेकॅनिक मान डोलावत थेंब येतोय का ते बघत होता.

मग अण्णांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. म्हणे, तुझ्या कागदावर पाणी पडलं हा काव्यगत न्याय आहे, कारण एसीचा जन्मच छापखान्यासाठी झाला. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, आक्रसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरनं हवेतलं पाणी काढायचं यंत्र आखलं. माणसांना गार वाटणं नंतरचं. हे मला माहीत नव्हतं, आणि इतकी वर्षं रंग सरकलेली मुखपृष्ठं परत पाठवूनही माहीत नव्हतं याचं वाईट वाटलं.

या निमित्तानं ज्या वस्तू वापरल्या त्यांबद्दलही लिहिते. पहिल्या आठवड्यात मी स्वतः फेसाचा कॉइल क्लीनर आणला होता. डब्यावर लिहिलंय की फवारा, थांबा, धुवायची गरज नाही. समोरच्या बाजूचा मळ निघतो, वासही जातो, तेवढ्यापुरता चांगला. पण ब्लोअरपर्यंत तो पोहोचत नाही, आणि ट्रेमधून पाणी नीट जात नसेल तर सगळा फेस आणि मळ त्याच तुंबलेल्या ड्रेनमध्ये उतरतो. माझ्या बाबतीत बहुधा त्यानंच बुचाला शेवटचा हात लावला. मेकॅनिकचं म्हणणं, जुन्या कॉइलवर कुठलाही क्लीनर साध्या पाण्यानं धुऊन काढायचाच, आणि तीव्र अल्कलीचा तर वापरायचाच नाही, अॅल्युमिनियमचे पापुद्रे खातो. पापुद्र्यांवर नवीन असताना एक लेप असतो, त्यामुळे पाणी पसरून गपचूप खाली उतरतं. चौदा वर्षांत तो गेला. आता पाणी मण्यांसारखं उभं राहतं आणि पंखा जोरात असला की एखादा मणी उडतो. यावर उपाय नाही. पंख्याचा वेग मधला ठेवते.

ट्रेमध्ये टाकायच्या जंतुनाशक गोळ्याही दुकानदारानं सुचवल्या होत्या. घेतल्या नाहीत. आमच्या ट्रेचं तोंड इतकं अरुंद आहे की गोळी विरघळायच्या आधी तीच बूच होईल. त्याऐवजी महिन्यातून एकदा, एमसीबी पाडून, अर्धा कप व्हिनेगर कोमट पाण्यात मिसळून ट्रेमध्ये सोडते आणि मागून साधं पाणी. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं. आणि व्हिनेगर सोडलेल्या जागी ब्लीच कधीही नाही. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो आणि तो बंद खोलीत घातक आहे. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली. रात्री एसी बंद करण्याआधी अर्धा तास नुसता पंखा, म्हणजे कॉइल वाळते. हे शेवटचं मी चारदा करते आणि तीनदा विसरते.

गुण द्यायचे तर: निदानाला दहापैकी दहा. हातकामाला नऊ, कारण पाइपवरची टेप एका ठिकाणी सुरकुतली आहे आणि मला ती दिसत राहते. वेळ पाळण्याला तीन. साफसफाईला पाच, व्हॅक्यूमचा डबा त्यानं आमच्या बेसिनमध्ये ओतला आणि नंतर बेसिन तुंबलं, हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा “ताई, तिथे पण ओढूनच काढा” असा सल्ला मिळाला.

तीन महिने झाले. गळती नाही. ट्रेची चीर इपॉक्सीवर तगून आहे, पण तो स्वतःच म्हणाला की हे ठिगळ आहे, प्लॅस्टिक म्हातारं झालं की शेजारी दुसरी चीर पडते. हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली, नवा ट्रे मिळत नाही. मोडीत निघालेल्या एखाद्या युनिटचा मिळाला तर ठेवीन म्हणालाय. तोवर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही मगभर पाणी ओततो. मी स्टुलावर, अण्णा गॅलरीत. कॅन आता एका पाटावर तिरपा ठेवलाय आणि पाइपचं टोक त्याच्या तोंडाच्या वीतभर वर आहे. शिंतोडे उडतात. वहीत ‘आत’ नावाचा नवा रकाना आखलाय आणि त्यात रोज सकाळी शून्य लिहिलं जातं, टोपलं उलटं करून बघितल्यावरच.